रजिस्टरातला पत्त्याचा रकाना

व्यसनमुक्ती वॉर्डात नर्स म्हणून मला १९ वर्षं झाली. भरतीचं रजिस्टर बहुतेक माझ्याच अक्षरात आहे. या खेपेला आलेल्या पत्रांतली तीन घेतली आहेत, कारण तिन्हींत कुठे ना कुठे 'आमचं शहर लहान आहे' हे वाक्य आहे.

प्रश्न : मी भूगोल शिकवतो. आमचं शहर जेमतेम ४०,००० वस्तीचं. देशातल्या व्यसनाधीनांची टक्केवारी घ्यायची, तिला शहराच्या लोकसंख्येने गुणायचं आणि मुलांकडून एक प्रकल्प करून घ्यायचा, असं मनात आहे. एवढं पुरेल का?

उत्तर : सर, गुणाकार बरोबर येईल, शहर मात्र दुसऱ्याच कुणाचं येईल. आधी मुलांना लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे कोणत्या वयाचे किती पुरुष आणि किती बायका हे एकावर एक पट्ट्यांनी दाखवणारं चित्र, काढायला लावा. नशेची सुरुवात बहुतेकांची विशीच्या आगेमागे होते आणि नोंदींत पुरुष जास्त असतात. ज्या शहरातली तरुण मुलं पोटापाण्यासाठी बाहेर गेली, तिथला मनोरा मध्येच बारीक होतो. उरतात ते झोपेच्या गोळीवर आणि रोजच्या दोन पेगांवर चाललेले म्हातारे. ते आमच्याकडे कधीच येत नाहीत. पडून खुब्याचं हाड मोडलं की हाडांच्या डॉक्टरकडे जातात आणि त्यांची नोंद तिकडे 'घसरून पडले' अशी होते. बायकांचं तेच. माझ्या रजिस्टरात त्या कमी आहेत, पण त्या पीत नाहीत म्हणून नव्हे. त्या अंगदुखी, निद्रानाश, 'नर्व्हसनेस' अशा नावांनी दुसऱ्याच दारातून आत जातात.

दुसरं, लाखामागचं प्रमाण. तुमच्या शहरात या वर्षी नशेने २ माणसं गेली तर प्रमाण लाखामागे ५. पुढच्या वर्षी ४ गेली तर १०. लगेच बातमी होते, 'मृत्यू दुप्पट!' वाढ किती, तर दोन माणसांची. ती दोघं एकाच रात्री एकाच खोलीत, एकाच पुडीने गेलेली असू शकतात. लहान शहराचा एका वर्षाचा आकडा वाचूच नये. पाच वर्षं एकत्र धरा.

आणि माझा आवडता रकाना, पत्ता. एकदा वरून पत्र आलं की तुमच्या शहरात व्यसनींचं प्रमाण फारच दिसतंय, खुलासा करा. दुपारभर बसून मी रजिस्टराची पानं उलटली. निम्म्याहून जास्त पत्ते बाहेरगावचे! आसपास दुसरा वॉर्डच नाही, म्हणून सगळे इकडे येतात. वॉर्ड नसता तर आमचं शहर कागदावर स्वच्छ दिसलं असतं.

मुलांना एक उदाहरण नक्की द्या. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात विल्यमसन नावाचं गाव आहे, वस्ती सुमारे ३,०००. २००६ ते २०१६ या काळात तिथल्या दोन औषध दुकानांत ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, वेदनाशामकांच्या सुमारे २ कोटी ८ लाख गोळ्या पोचल्या. भागाकार केला तर माणशी जवळपास ७,०००. गावाने काही त्या सगळ्या खाल्ल्या नाहीत. दुकानांपुढे परराज्यांतल्या गाड्या लागायच्या. त्या भागाकारातून माल कुठून वाहत होता ते कळतं, गावकरी कसे होते ते नाही.

त्याच राज्यातलं हंटिंग्टन बघा. १९५० मध्ये ८६,००० वस्ती होती, २०२० मध्ये ४७,००० च्या आत आली. कारखाने गेले, अंगमेहनतीची कामं केलेली दुखरी शरीरं मागे राहिली. त्यांच्या पाठीसाठी गोळ्या आल्या. गोळ्यांवर बंधनं आली तसं लोक हेरॉइनकडे वळले आणि त्यात पुढे फेंटॅनिल, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी जहाल कृत्रिम ओपिऑइड, मिसळलं गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एका दुपारी काही तासांत २६ जणांना अतिमात्रा झाली. हे टक्केवारी गुणून सापडलं नसतं. लोकसंख्या कशी उतरत गेली ते पाहिलंत, तर निदान कुठे शोधायचं ते कळतं.

प्रश्न : ताई, यजमान २२ वर्षं रोज पितात. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घामाने कपडे भिजले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाले. घाबरून सासूबाईंनीच थोडी पाजली, तेव्हा शांत झाले. आता सगळे म्हणतात, यांना इच्छाशक्तीच नाही.

उत्तर : ताई, त्या रात्री इच्छाशक्तीचा काही संबंध नव्हता. यंत्रांच्या खोलीत वर्षानुवर्षं काम करणारा माणूस ओरडून बोलायला शिकतो. एक दिवस यंत्रं बंद पडली तरी तो ओरडतच बोलतो. दारू मेंदूला रोज दाबते, म्हणून मेंदू स्वतःला रोज चढवून ठेवतो. दारू अचानक काढली की ते चढलेपण उघडं पडतं. थरथर काही तासांतच सुरू होते. झटके यायचे तर बहुधा ६ ते ४८ तासांत येतात. भास, ताप, दिवसरात्रीचं भान जाणं या अवस्थेला डॉक्टर 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. ती साधारण दोन ते चार दिवसांनी गाठते आणि उपचार न मिळाले तर माणूस दगावू शकतो.

म्हणजे शपथ खरी होती, जागा चुकली. एवढ्या वर्षांची रोजची दारू घरी एकदम बंद करायची नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शांत करणारी औषधं हळूहळू कमी करत ती सोडवतात. सोबत बी-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन देतात, कारण ते नसलं तर स्मरणशक्तीवर कायमचा घाला पडू शकतो. आधी झटका आला होता का, हे विचारतील, तेव्हा लपवू नका. सासूबाईंना कुणी बोल लावू नये. त्यांना दुसरं काय सुचणार होतं?

पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, 'त्यांना न सांगता जेवणात मिसळायचं औषध मिळतं म्हणे.' मिळतं. बहुधा डायसल्फिराम असतं. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये त्याचा दारूशी संबंध लक्षात आला. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. माहीत असलेला माणूस त्या भीतीने ग्लास खाली ठेवतो. माहीत नसलेला पितो आणि आमच्याकडे स्ट्रेचरवर येतो. शिवाय ज्याच्या ताटाचाच भरवसा उडाला, तो उपचारांवर कसा भरवसा ठेवेल? असलं काही करू नका.

प्रश्न : भाऊ २६ वर्षांचा. हेरॉइनसाठी तीन महिने उपचार घेऊन परवा घरी येतोय. इथे प्रत्येक कोपऱ्यावर त्याचा कुणीतरी जुना दोस्त उभा. त्याला दुसऱ्या शहरात धाडावं का?

उत्तर : जागा बदलल्याने फरक पडतो, हे खरं. व्हिएतनाममधून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते सुमारे ५ टक्केच. पण ते सैनिक घरी आले होते आणि नशा मागे परदेशात राहिली होती. तुमच्या भावाचं उलटं आहे, त्याची नशा घराच्या कोपऱ्यावरच उभी आहे. त्यामुळे तो तयार असेल आणि तिकडे काम व एखादं भरवशाचं माणूस असेल, तर जाऊ द्या. नुसता धाडू नका. एकटी खोली आणि हातात रिकामी संध्याकाळ ही फार वाईट जोडी.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात घ्या. तीन महिन्यांत त्याच्या शरीराची सवय मोडली आहे. पूर्वी जेवढं सहज घ्यायचा, तेवढंच एकदा घेतलं तर श्वास थांबू शकतो. परकी जागा हा धोका वाढवते. शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना मोठी मात्रा दिली, तेव्हा अनोळखी जागेत ओळखीच्या जागेपेक्षा जवळपास दुप्पट उंदीर मेले. म्हणून घरी नालोक्सोन, म्हणजे हेरॉइनच्या अतिमात्रेवरचा उतारा, मिळवून ठेवता आलं तर ठेवा आणि वापरायचं शिकून घ्या. ते दिल्यावर माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या, कारण त्याचा परिणाम हेरॉइनच्या आधी उतरू शकतो. हे सगळं भावासमोर बोला, पाठीमागे नको.

त्याने इथेच राहायचं ठरवलं, तर लोक बघतील ही अडचण येणारच. आमच्या ओपीडीचं बाकडं रस्त्याकडे तोंड करून होतं. उजेडी तिथे कुणी बसायचं नाही, अंधार पडला की गर्दी. एका शनिवारी शिपाईमामा आणि मी ते उचलून भिंतीकडे फिरवलं. सोमवारी सकाळी साडेनऊला त्यावर तिघं बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. तुमच्या भावालाही तिथेच यायला सांगा, सकाळचं.