पगार ४२ हजार, बँक २४ लाख देते म्हणते. घरासाठी कर्ज किती लाखांचं घ्यावं?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. हातात ४२ हजार येतात, बँक २४ लाख मंजूर करते आणि तालुक्याला घर घ्यायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. २४ लाख घेऊ नका. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे २४ लाखांना २०,८०० च्या वर. अर्धा पगार गेला.

मी शिक्षक आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात, वर्धा नदीच्या बाजूला. २०२१ मध्ये मी वणीत घर घेतलं. तेव्हा हातात ३८ हजार यायचे. माझा विचार १२ लाख कर्ज काढून दोन खोल्यांचं घर घ्यायचा होता. मोठ्या साळ्याने डोक्यात भरवलं, "घर एकदाच होते भाऊ, बँक १८ देऊन राहिली तं १८ घे." बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "ज्या साली पीक बुडते त्या सालाचा हिशेब धर. चांगल्या सालात तं कोनीबी घर बांधते." मी म्हटलं, बाबा, पगार काही कापूस नव्हे, तो दर महिन्याला येतो. हे मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो.

आणि १८ लाख काढले, २० वर्षांसाठी. तेव्हा व्याज ७ टक्के होतं, हप्ता १३,९५५.

जुलै २०२२ चा पूर आठवत असेल. नदीकडच्या दोन एकरांतली कपाशी गाळाखाली गेली. उशीर झाला होता, तरी बाबांना पुन्हा पेरायचं होतं. बियाण्याची थैली ८१० रुपये, डीएपी खताचं पोतं १,३५०, वरून मजुरी. त्यांनी माझ्याकडे दहा हजार मागितले. आयुष्यात पहिल्यांदा. त्या महिन्यात पगार १४ तारखेला झाला आणि हप्ता ५ तारखेचा. खात्यात पैसे नव्हते म्हणून तो परत गेला, त्याचा दंड वेगळा. बायकोची पोत गहाण ठेवून हप्ता भरला. बाबांना मी फोनवर म्हटलं, पुढच्या महिन्यात पाहू. ते "बरं" म्हणाले आणि कृषी केंद्रातून उधारीवर थैल्या आणल्या. नंतर त्या पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. मला ते अजून गिळवत नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, चारवरून साडेसहावर नेला आणि माझं व्याज साडेनऊवर गेलं. हप्ता तेवढाच राहिला म्हणून मी निर्धास्त होतो. कर्जखात्याचा उतारा काढून पाहिला तर १३,९५५ पैकी १३,७०० च्या वर व्याज, मुद्दल दोनशे-सव्वादोनशे रुपये फिटत होतं! बँकेने मुदत वाढवून ठेवली होती. मी शाखेत जाऊन हप्ता १६,५०० करून घेतला. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने तुम्हाला विचारायचं असतं. तुम्ही स्वतः जाऊन विचारा. आणि बदलत्या दराच्या कर्जात जास्तीचे पैसे भरले तर दंड लागत नाही, तेव्हा बोनस, थकबाकी जे मिळेल ते मुद्दलात टाका.

तर तुमचा आकडा. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, म्हणजे १४ हजार. त्यात १६ लाख कर्ज बसतं. गावी वावर असेल आणि आईवडील त्याच्यावरच असतील तर १२-१३ वर थांबा. आणि कर्ज काढण्याआधी तीन हप्ते खात्यात पडून असले पाहिजेत, हे मी कोणाचंच ऐकून बदलणार नाही. स्टँप ड्यूटी आणि नोंदणीचा खर्चही सहसा स्वतःच्या खिशातूनच भरावा लागतो.

साळा आजही प्रत्येक लग्नात म्हणतो, "पाहा, त्या घराचा भाव किती वाढला." वाढला असेल. राहतं घर विकून मी लेकरं घेऊन कुठे जाऊ? त्या भावातून बाबांच्या दोन एकरांचं बियाणं आलं नसतं. बाबांचं बरोबर होतं, साळ्याचं चूक होतं, आणि मी साळ्याचं ऐकलं.

दोघंही नोकरीवर असाल, वावराचा भार नसेल, तर १६ चे १८ करायला हरकत नाही. प्लॉट घेऊन बांधणार असाल तर जागा अकृषक, म्हणजे शेतीऐवजी घर बांधायला चालणारी आहे का, त्याचे कागद आधी पाहा. गावठाणातल्या जागेच्या नुसत्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर, बँका सहजी कर्ज देत नाहीत, आणि इसार देऊन बसल्यावर हे कळलं तर पैसे अडकतात.