परभणीला एका पानात छापला जाणारा एक्सेलचा तक्ता जिंतूरच्या संगणकावर दोन पानांवर का जातो?

बहुधा तक्त्यात काहीच बिघाड नसून, दोन्ही संगणकांवरील डिफॉल्ट प्रिंटर, कागदाचा आकार किंवा फॉन्ट वेगळा असल्यामुळे शेवटचा रकाना (उदा. ‘शेरा’) दुसऱ्या पानावर ढकलला जातो. पान कुठे तोडायचे हे एक्सेल त्या त्या संगणकावरील प्रिंटर ड्रायव्हरच्या (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) माहितीवरून ठरवते, आणि रकान्याची रुंदीही मिलिमीटरमध्ये नव्हे, तर नॉर्मल स्टाइलच्या (फाइलच्या मूळ अक्षर-शैलीच्या) फॉन्टमधील अंकांच्या रुंदीत मोजली जाते. त्यामुळे थोडासा फरकही एक रकाना बाहेर काढायला पुरेसा असतो. सर्वप्रथम कागदाचा आकार पाहावा, कारण नव्याने बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये पुष्कळदा ए-फोरऐवजी लेटर हा अमेरिकी आकार निवडलेला असतो आणि आडव्या छपाईत लेटरची रुंदी 297 नव्हे, तर 279 मिलिमीटर भरते, म्हणजे 18 मिलिमीटर तिथेच गेले. त्यानंतर पेज लेआउटमध्ये प्रिंट एरिया (छापायचा भाग) ठरवून रुंदी ‘1 पेज’ आणि उंची ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी, आणि फाइल त्याच स्वरूपात जतन करावी. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट दोन्हीकडे हवाच, अन्यथा अक्षरेच बदलतील. मात्र रुंदी अशी बांधल्यावर हाताने टाकलेले पेज ब्रेक एक्सेल जुमानत नाही, आणि वीस-बावीस रकाने असतील तर अक्षर वाचता येणार नाही इतके बारीक होते. जिंतूरला केवळ छपाईच करायची असेल, तर परभणीहूनच फॉन्टसह पीडीएफ करून पाठवणे मला अधिक सोयीचे वाटते.