श्वास रोखलेले हजारो श्रोते

प्रिय,

तुझं सहा पानी टिपण दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘अद्भुत’ अकरा वेळा, ‘जादू’ सात वेळा, ‘अंगावर काटा’ चार वेळा. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ते चौघं पॉम्पेईच्या चित्रपटात नेमकं करतात काय, याबद्दल सहा पानांत मिळून दीड ओळ, तीही गिटारवाल्या गिल्मरच्या केसांवर.

आणि शेवटी तो रडका परिच्छेद. ‘मी त्यांना प्रत्यक्ष कधी ऐकलं नाही, माझ्या जन्माआधीच सगळं संपलं होतं, जे पाहिलं ते पडद्यावर, मग मला लिहायचा काय अधिकार?’ कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? गर्दीत उभं राहून ज्यानं ऐकलं तोच खरा चाहता, असं सांगणारे मलाही भेटले आहेत. त्यांना विचार, त्या रात्री ढोलवाल्याचा डावा हात काय करत होता? ‘वातावरण’ नावाचा एकच शब्द त्यांच्याकडे असतो.

अगं, या चित्रपटापुरता तरी हा प्रश्नच उद्भवत नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये ते इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन रोमन अँफिथिएटरमध्ये वाजवत होते तेव्हा समोर प्रेक्षक नव्हतेच. चित्रीकरणाची माणसं आणि आत घुसलेली चार पोरं, बस्स. वीसेक हजार माणसं बसतील एवढ्या पायऱ्या रिकाम्या. दिग्दर्शक एड्रियन मेबन हरवलेला पासपोर्ट शोधायला संध्याकाळी तिथे परतले आणि त्या शांततेत त्यांना ही कल्पना सुचली. गर्दीच्या आरोळ्या दाखवणारे मैफलींचे चित्रपट होतेच, त्यांना त्याच्या उलट हवं होतं. लंडनहून बँडचा सगळा सरंजाम ट्रकनं आला, वीज पुरेना म्हणून गावातून लांबलचक केबल ओढली, त्यात दिवस वाया गेले. आणि हे चौघं आधीच मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवायला तयार नव्हते. वाजवायचं तर खरंच वाजवायचं. तेव्हा सगळ्यात चांगली जागा कॅमेऱ्याची होती, आणि त्या जागेवर आज तू बसली आहेस. अजून कसला अधिकार हवा तुला?

आता माझं ऐक. मी हे कुणाला फारसं सांगत नाही.

१९८६ साली मी तेवीस वर्षांचा होतो. एका मासिकानं या बँडवर लेख मागितला. माझ्याजवळ चित्रपटाच्या आवाजाची तेवढी ऑडिओ कॅसेट होती, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली. चित्रपट पाहिलेला नव्हता. ‘एकोज’ या गाण्याच्या सुरुवातीला पियानोचा तो एकच स्वर थेंबासारखा पडतो, आणि दोन थेंबांच्या मधे काहीच नाही. टाळ्या नाहीत, खोकला नाही. मी लिहिलं, ‘हजारो श्रोते श्वास रोखून बसले होते.’ वाक्य मला इतकं आवडलं की लेखाचा शेवटही त्यावरच केला. महिन्याभरानं एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ: ‘श्रोते कुठे बसले होते तेवढं कळवावं.’

ते पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे.

म्हणून सांगतो, जे दिसलं तेच लिही. कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. जे दिसलं तेच लिही.

काय दिसतं? ‘वन ऑफ दीज डेज’ हे गाणं घे. कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ ढोलवाल्या निक मेसनवर आहे. बाकीच्यांची रिळं हरवली म्हणून तसं झालं असं सांगतात. हरवली असतील तर बरंच झालं. केस तोंडावर आलेत, खांदे ढिले, आणि ऐन भरात हातातली एक काडी निसटते. तो खाली बघत नाही. चेहऱ्यावर काही नाही. दुसरी काडी हातात येते आणि ठेका पुढे चाललेलाच असतो. पापणी लवली तर चुकेल एवढंच ते आहे. तू हा प्रसंग ‘मेसन अद्भुत वाजवतो’ या तीन शब्दांत उरकलास! काडी पडली ती तुला दिसली नाही, की दिसूनही लिहावीशी वाटली नाही? दुसरं असेल तर मला जास्त राग आहे.

कीबोर्डवाल्या रिक राइटची दाढी बघ. काही गाण्यांत आहे, काहींत नाही. नाही ती गाणी नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाली, तोवर त्यानं दाढी काढली होती. कुणी सांगायची गरज नाही, तुझे डोळे तुला सांगतील. ‘ए सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’मध्ये बास गिटारवाला रॉजर वॉटर्स गाँगवर, म्हणजे धातूच्या त्या मोठ्या थाळीवर, तुटून पडतो तो बघ, आणि त्याच वेळी गिल्मर काय करतो तेही. सगळे वॉटर्सकडे बघतात.

तू म्हणशील, एवढ्या एका चुकीसाठी आयुष्यभर काय हे? खरं आहे. या हट्टापायी मी कामं गमावली. ‘दहा सर्वश्रेष्ठ मैफली’ अशी यादी मागायचे, त्यातल्या सहा मी पाहिलेल्या नसायच्या, मी नाही म्हणायचो. माझ्यामागून आलेल्यांनी त्या याद्या लिहिल्या, नाव झालं त्यांचं. मी अडेलतट्टू ठरलो. असेन. पण १९८६ नंतर माझ्या एकाही लेखात न बसलेला माणूस बसलेला नाही, आणि याचा मला जरा जास्तच अभिमान आहे हे मला कळतं. तो संपादक तरी काय कमी होता? चार दिवसांची मुदत देऊन चित्रपट कुठून आणणार होतो मी? असो. कॅसेट ऐकून लेख लिहायला त्यानं सांगितलं नव्हतं.

तू विचारलं आहेस की २०२५ ची नव्यानं स्वच्छ केलेली प्रत बघावी की जुनी. नवीच बघ. मी जी व्हिडिओ कॅसेट अखेर मिळवली तिच्यात पडद्याच्या खालच्या भागात रेघा नाचायच्या, आणि तरी मी ती चुंबकफीत झिजेपर्यंत बघितली. झिजलेल्या फितीत काही पुण्य नसतं. फक्त गाणं मधेच थांबवून कुणाला ‘बघ ना, बघ ना’ करू नकोस. आधी एकटीनं, पूर्ण, आवाज बंद करून एकदा. हो, आवाज बंद करून. हात काय करतात ते तेव्हाच दिसतं.

टिपण फाडू नकोस. तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस की कॅमेरा स्पीकरांच्या मागून सरकतो तेव्हा खोक्यांवर बँडचं नाव आणि ‘लंडन’ असं छापलेलं दिसतं, आणि तुला वाटलं की सामान घरी परत जायची वाट बघतंय. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आहे. ती तुझी ओळ आहे. बाकी पाच पानं कुणाचीही असू शकतात.

मेसनची काडी कुठल्या हातातून निसटते ते पुढच्या पत्रात कळव. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

तुझा,
पोस्टकार्डवाला

ता. क. मला ‘सर’ म्हणू नकोस.