कोकमाच्या आगळाला पुरून उरेल असा ओटा

प्रश्न : आमच्या घरातील स्वयंपाकाचा ओटा कडाप्प्याचा असून तो तीस वर्षे वापरात आहे. शेगडीभोवती आणि सिंकच्या बाजूला त्यावर पांढुरके डाग पडले आहेत व ते कितीही घासले तरी जात नाहीत. आता नवा ओटा करावयाचा आहे. सूनबाईंना पांढरा संगमरवर आवडतो, दुकानदार पांढरा ग्रॅनाइट सुचवतो आणि गवंडी काळ्या ग्रॅनाइटवर अडून बसला आहे. कोकम, चिंच आणि लिंबू आमच्याकडे रोजच लागतात. कोणता दगड घ्यावा? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण ज्यांना डाग म्हणता, ते बहुधा डाग नसून दगडाची झीज आहे, आणि म्हणूनच ती घासून जात नाही. आंध्रातून येणारा कडाप्पा, कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी आणि राजस्थानातील कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांचा मुख्य घटक असलेले कॅल्साइट हे खनिज आम्लात विरघळते. आगळ किंवा लिंबाचा रस सांडून काही मिनिटे तसाच राहिला, की पृष्ठभागाचा अगदी पातळ थर खाल्ला जातो, तेथील चकाकी उतरते आणि काळ्या दगडावर ती जागा पांढुरकी दिसू लागते. पुन्हा पॉलिश करून घेतल्यास ओटा काही काळ नवा दिसेल, परंतु कोकम चालूच राहणार असल्याने दुखणेही चालूच राहील.

सूनबाईंच्या आवडीचा संगमरवर तर याच कॅल्साइटचा बनलेला असतो. मकराण्याचा संगमरवर ताजमहालात शतकानुशतके टिकला हे खरे, पण तेथे कोणी सोलकढी करत नाही. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहच्या श्रेणीत कॅल्साइट ३ वर आहे, स्वयंपाकघरातील पोलादी सुरी साधारण साडेपाचच्या आसपास येते, तर ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. याचा अर्थ असा, की संगमरवरावर सुरीने ओरखडा उमटतो आणि ग्रॅनाइटवर सहसा सुरीचीच धार बोथट होते. पांढऱ्या संगमरवराची हौस देवघरात जरूर भागवावी.

राहता राहिला प्रश्न पांढरा की काळा ग्रॅनाइट एवढाच. दगडाच्या बाजारात ‘ग्रॅनाइट’ हे एका खडकाचे नाव राहिलेले नाही. पॉलिश घेणारा जवळजवळ प्रत्येक कठीण दगड त्या नावाने विकला जातो. आंध्रातील चिमकुर्तीच्या खाणींतून येणारा, सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी हा भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नव्हेच, तो गॅब्रो या काळसर अग्निजन्य खडकाच्या कुळातील आहे. ओट्यासाठी मात्र ही गोष्ट पथ्यावरच पडते, कारण असे काळे खडक घट्ट विणीचे असतात आणि पाणी फार कमी शोषतात. अनेक पांढऱ्या ग्रॅनाइटांची वीण तुलनेने सैल असते. आम्लाने ते सहसा खराब होत नाहीत, पण फोडणीचे तेल आणि हळद आत मुरली की पिवळट छटा मागे राहते. सीलर, म्हणजे दगडाची छिद्रे बुजवणारा द्रव, लावून हे टाळता येते, मात्र तो ठरावीक काळाने पुन्हा लावावा लागतो, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर त्याची आठवण ठेवणारी घरे मी फारशी पाहिलेली नाहीत. म्हणून माझे मत आपल्या गवंड्याच्या बाजूने आहे.

तरीही नावावर किंवा रंगावर विसंबू नये. जी लादी घ्यावयाची, तिचाच एक तुकडा मागून घरी आणावा. त्यावर एका जागी लिंबाचा रस, दुसऱ्या जागी पाणी आणि तिसऱ्या जागी हळद कालवलेले तेल ठेवावे. रस पंधरा मिनिटांनी पुसल्यावर चकाकी गेलेली दिसली, तर त्या दगडात कॅल्साइट आहे असे समजावे. पाण्याखालचा भाग लवकर गडद झाला, तर दगड शोषणारा आहे. तेल रात्रभर राहू द्यावे. काळ्या दगडाची आणखी एक परीक्षा आवश्यक आहे, कारण करड्या दगडाला काळा रंग चढवून विकण्याचे प्रकार होतात : नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात कापूस भिजवून तुकड्यावर जोराने घासावा आणि कापूस काळा झाला तर दुकान बदलावे.

आपल्याकडचा जांभा भिंतीला उत्तम असला तरी सच्छिद्र असल्याने ओट्याला निरुपयोगी आहे. ज्या काळ्या पाषाणाचे पाटे-वरवंटे आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरले, त्याच्या पॉलिश केलेल्या मोठ्या लाद्या बाजारात सहसा मिळत नाहीत.

दगड चांगला निवडूनही ओटा तडकतो तो बसवण्यातील चुकांमुळे. ग्रॅनाइट दाब उत्तम सोसतो, परंतु वाकवणारा ताण त्याला सोसत नाही. सिंकसाठी किंवा शेगडीसाठी लादी कापल्यावर पुढे जी चार बोटांची पट्टी उरते, तेथेच तडा जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्या कापाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर करून घ्यावेत, लादी १८ ते २० मिलिमीटर जाडीची घ्यावी आणि तिच्याखाली सलग आधार द्यावा. जुना कडाप्पा सुस्थितीत असेल तर तो फेकू नये, त्याच्यावरच नवी लादी बसवता येईल का हे गवंड्याला विचारावे, मात्र ओट्याची वाढणारी उंची आधी मोजून घ्यावी. पुढची कड अर्धगोल ठेवल्यास कुकर आपटून तिचे टवके उडण्याचे प्रमाण कमी होते.

प्रश्न : क्वार्ट्झची लादी ग्रॅनाइटपेक्षा कठीण असून तिला सीलर लागत नाही, असे विक्रेते सांगतात. हे खरे आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सीलर लागत नाही हे खरे, परंतु हा नैसर्गिक दगड नव्हे. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थात, घट्ट बसवून ती लादी तयार करतात आणि शेगडीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली, तर त्या रेझिनवर कायमचा डाग पडू शकतो. शिवाय ती कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांना इतकी घातक ठरली, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. धूळ ग्रॅनाइटचीही वाईटच असते, म्हणून लादी कोणतीही घेतली तरी ती घरात कोरडी कापू देऊ नये. मापे देऊन कारखान्यातच पाण्याच्या धारेखाली कापून घ्यावी.