स्वतःवर विश्वास ठेवला तर माणूस घडतो, की जन्मतः मिळालं तेवढंच?

तू लिहिलंयस की तू अकरावीत आहेस, सहामाहीला गणित गेलं आणि घरी सगळे म्हणतात, "आपल्या रक्तातच गणित नाही." मग नुसता स्वतःवर विश्वास ठेवून काही होतं का, हा तुझा प्रश्न. मी कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्न बनवतो. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी ज्याच्यावर वाळूचा साचा उठवतात, तो लाकडी नमुना. तेवीस वर्षं हेच काम करतोय. तू ऐकलंस ते वाक्य मी सातवीत ऐकलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या सरांनी वडिलांना वर्गाच्या दारात सांगितलं, "ह्याच्या डोक्यात गणित शिरायचं नाही, कुठंतरी कामाला लावा." वडिलांनी ते मानलं, आणि मीही मानलं. दहावीला गणितात उडालो आणि ओळखीनं एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. पहिलं वर्ष झाडलोट आणि पॉलिश पेपर घासण्यात गेलं.

एक दिवस मिस्त्रींनी एका फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडायच्या गोल चकतीचं, ड्रॉइंग माझ्यापुढं टाकलं. व्यास 320 मिलिमीटर. म्हणाले, "बीड थंड होताना आखडतं, मीटरला दहा मिलिमीटर. लाकूड केवढ्याचं काढशील?" मी म्हटलं, "मला गणित येत नाही." ते त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यांनी दोन पट्ट्या दिल्या, एक साधी आणि एक आमच्या कामाची. आमच्या पट्टीवर आखडण्याचं प्रमाण आधीच धरलेलं असतं, त्यामुळं तिच्यावरचे 100 म्हणजे साध्या पट्टीवरचे 101. दोन्ही शेजारी ठेवल्या. 100 च्या खुणेला एक मिलिमीटरचा फरक, 200 ला दोन, 300 ला तीन. मी बोट ठेवून बघत राहिलो. टक्केवारी नावाची जी गोष्ट फळ्यावर कधी कळली नव्हती, ती तिथं डोळ्यांना दिसत होती.

मी 323.2 म्हटलं. ते म्हणाले, "आणि लेथवर घासून निघेल तेवढं?" मग कडेनं तीन-तीन धरून सहा वाढवले. "सहा आधी मिळव, आखडणं नंतर लाव. ते सहापण आखडणारच की." 326 ला एक टक्का, म्हणजे 329.26. आठवड्याभरानं शिरोलीच्या फाउंड्रीतून ओतीव तुकडा आला. मिस्त्रींनी मला हाक मारून कॅलिपर माझ्याच हातात दिला. 326 आणि वर जरासं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथंच आहे. त्या दिवसाआधी माझा स्वतःवर कणभर विश्वास नव्हता. मिस्त्रींनी पाठ थोपटून "तुला जमेल" म्हटलं असतं तर मी जास्तच घाबरलो असतो. आधी हातून एक गोष्ट झाली, विश्वास तिच्या मागून आला. पुढं वाचनात आलं की अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये हेच मांडलं होतं. "हे मला जमेल" ही खात्री सगळ्यात घट्ट बसते ती स्वतः पार पाडलेल्या कामातून. आपल्यासारख्याच कुणाला करताना बघणं आणि कुणी धीर देणं त्याच्या खालोखाल. 2024 ला राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य आणलं, तेव्हा इथल्या पोरांना जे वाटलं ते ह्या दुसऱ्या प्रकारातलं.

जन्मजात काही नसतं असं मात्र मी तुला सांगणार नाही, ते खोटं होईल. मी लहानपणी तालमीत जायचो. माझ्याच वयाचा, माझ्याइतकेच जोर मारणारा एक पोरगा दोन वर्षांत माझ्या दीडपट झाला. माझा खुराक कमी नव्हता, हाडच बारीक. जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा 2015 मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात सगळे गुणधर्म मिळून, माणसामाणसांतल्या फरकाचा सरासरी 49 टक्के वाटा आनुवंशिक निघाला. पण हा आकडा गर्दीतल्या फरकाचा आहे. तुझं निम्मं गणित जन्माआधीच ठरलंय असा त्याचा अर्थ नाही, आणि घरचे नेमकी हीच गल्लत करतायत.

खाशाबा जाधवांचं बघ. वडील पैलवान, तेव्हा रक्तातही होतं म्हण आणि घरातही, ते वेगळं काढायचं कसं? 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा सगळी कुस्ती मातीत झालेली, मॅट नवी. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते. मला ह्या गोष्टीत सगळ्यात मोठं ते घर वाटतं. खाशाबांचा स्वतःवरचा विश्वास होताच, पण तो हेलसिंकीपर्यंत पोचायला दुसऱ्या कुणाचा तरी विश्वास लागला, तोही कागदावर सही करून दिलेला. तुझ्या घरी आज तो नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक. "तू हुशार आहेस" असं कुणी म्हणालं तरी त्याला धरून बसू नकोस. 1998 मध्ये म्युलर आणि ड्वेक ह्या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सुटल्यावर काहींना हुशारीची शाबासकी दिली, काहींना मेहनतीची. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडवलं. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर हुशारीवाल्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतवाल्यांची सुधारली. तरी नुसता विचार बदलून चमत्कार होत नाही. 2019 ला अमेरिकेतच नववीच्या सुमारे 12,000 मुलांवरचा एक अभ्यास आला. त्यातल्या काहींना तासाभरापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन धडा दिला होता, बुद्धी वाढवता येते ह्यावर. धडा घेतलेल्यांपैकी मागं पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण अगदी थोडे. उरलेलं काम वहीतच करावं लागतं.

तेव्हा आज रात्री सहामाहीचा पेपर बाहेर काढ. चुकलेलं प्रत्येक गणित कुठल्या ओळीला चुकलं तिथं पेन्सिलनं खूण कर. बऱ्याच खुणा एकाच जागी येतील, बहुतेक अपूर्णांकात नाहीतर चिन्हात, कारण माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांचं तिथंच अडतं. त्यातलं एक गणित इथं खाली लिही, तुझ्या चुकीसकट. मी कामावरून आठला सुटतो, जेवण झालं की बघतो.