मिलवर्मचे बीटल झाले पण पिल्लं दिसेनात, त्याबद्दल

पिंजऱ्यातल्या फिंच पक्ष्यांना खायला आणलेल्या मिलवर्म अळ्यांचे काळे बीटल (मोठे किडे) होऊन महिना उलटला, सगळे एकाच टबात आहेत, घाण वाटली म्हणून खालचा कोंडा दोनदा टाकून नवीन घातला, तरी एकपण बारीक अळी नाही, मादी वांझ आहे का, असं तुम्ही साताऱ्याहून विचारलंय. वांझ वगैरे काही नाही हो, तुमची अंडी त्या टाकलेल्या कोंड्यात गेली आणि जी राहिली ती बीटलनीच खाल्ली असणार.

अंडी चिकट असतात, त्यांना कोंडा चिकटतो त्यामुळे डोळ्याला दिसतच नाहीत. एक मादी दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात दोनशे-तीनशेच्या वर अंडी सहज घालते, पण तेच बीटल समोर आलं तर अंडं पण खातात आणि कोष पण. म्हणून बीटल आणि अंडी वेगळी करणं हेच खरं काम, बाकी सगळं दुय्यम. दर दहा-पंधरा दिवसांनी कोंडा चाळायचा, भोकं अशी हवीत की कोंडा खाली पडेल आणि बीटल वर राहतील. बीटल नव्या कोंड्यात टाकायचे आणि जुना कोंडा अजिबात न फेकता तारीख लिहून बाजूला ठेवायचा. आठ-पंधरा दिवसांत अंडी फुटतात पण पिल्लं दोऱ्यापेक्षा बारीक, त्यामुळे महिनाभर तरी ट्रे रिकामाच वाटतो, तिथंच बरेच जण कंटाळून ओततात. धीर धरा. एका कोपऱ्यात कोंडा हलताना दिसला की समजायचं.

अळी मोठी व्हायला अडीच-तीन महिने, थंडीत त्याहून जास्त. मग ती इंग्रजी सी सारखी वाकडी होऊन कोष होतो, पांढरा, काही खात नाही, तो रोज उचलून वेगळ्या डब्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत त्यातून पांढरट बीटल निघतो, तपकिरी होत होत काळा पडतो.

खायला गव्हाचा कोंडा, पेंडेच्या दुकानात जनावरांसाठी मिळतो तोच, फक्त आधी दोन-तीन दिवस फ्रीजरला ठेवा म्हणजे त्यातली दुसरी कीड मरते. पाण्याची वाटी नको, गाजराची किंवा बटाट्याची चकती ठेवायची आणि बुरशी यायच्या आत काढायची. तुमच्याकडं पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की चकती अगदी छोटी आणि दिवसाआड पुरे, नाहीतर कोंड्याला माइट्स (अगदी बारीक कीड) लागतात, कडेला बारीक तपकिरी धूळ हलताना दिसते ती तीच. आमच्या सांगलीत उलटं, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ट्रे ठेवला तर अळ्या मरतात, पंचवीस ते अठ्ठावीस डिग्री त्यांना सगळ्यात मानवतं, म्हणून घरात खालच्या खोलीत ठेवायचे. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि धान्याच्या कणगीजवळ ठेवू नका, हा किडा मुळात साठवणीच्या धान्याचाच आहे.

प्लास्टिकचा गुळगुळीत टब असेल तर झाकण नको, चढता येत नाही त्यांना. तळाला वाळूसारखी साठते ती विष्ठा, कुंड्यांना झकास खत, पण त्या ट्रेमधल्या अळ्या मोठ्या झाल्यावरच चाळून काढा.

फिंचला एका वेळी दोन-चारच द्या, चरबी बरीच असते आणि कॅल्शियम कमी, सोबत समुद्रफेस पिंजऱ्यात असू दे. आणि पहिल्या पिढीतल्या अळ्या सगळ्या खायला घालू नका, जाड-जाड बघून निम्म्या तरी बीटल व्हायला सोडा.