आईंना जुन्या गोव्याला न्यायचंय? मग एवढं बघा

ताई, आईंना पहिल्याच यात्रेला जेरुसलेमला न्यायचा घाट आत्ता नको. आधी जुना गोवा करा. बडोद्याहून मडगावला थेट गाड्या आहेत. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी तिकिटं काढा आणि आईंना खालचा बर्थच घ्या. लिलो चिवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) सोबत असू द्या, गाडीतल्या जेवणाचा काही भरवसा नाही.

संत फ्रान्सिस झेवियरचा सण 3 डिसेंबरला, नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, 24 नोव्हेंबरपासून. त्या दिवसांत वातावरण भारून टाकणारं असतं हे खरं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचं त्या गर्दीत काम नाही. जानेवारीत जा.

आईंना एक आधीच सांगून ठेवा: बॉम जेझू चर्चमध्ये संतांचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहे, दर्शन खालूनच. पेटी खाली आणतात ती साधारण दर दहा वर्षांनी. मागचं प्रदर्शन 2024-25 मध्ये झालं. घरून आस लावून आलेली माणसं तिथे हिरमुसतात. बाहेरून चर्चला गिलावा नाही, उघडा जांभा दिसतो, त्यालाही नाकं मुरडू नका.

समोरच से कॅथेड्रल, रस्ता ओलांडला की झालं. संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यापर्यंत मात्र चढ आहे, आईंना रिक्षाने न्या. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. मिस्सा (चर्चमधली उपासना) कोंकणीत की इंग्रजीत, ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.